नऊ धावांचा फरक

वसीम अक्रम हा सचिन तेंडुलकरपेक्षा नऊ धावांनी मोठा फलंदाज आहे. हे वाक्य शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मोठ्यानं म्हणू नये, आणि म्हणायचंच असेल तर पळण्याची दिशा आधी ठरवून म्हणावं. पण आकडे काढले तर निघतं तेच. कसोटीतली अक्रमची सर्वोच्च खेळी नाबाद २५७, सचिनची नाबाद २४८. वजाबाकी तिसरीतलं पोरही करेल.

याच न्यायानं जेसन गिलेस्पी मार्क वॉच्या ४८ धावा पुढे आहे. मार्क वॉनं कसोटीत वीस शतकं केली, आठ हजारांवर धावा केल्या, पण नाबाद १५३ च्या वर त्याला कधी जाता आलं नाही. गिलेस्पी वेगवान गोलंदाज. २००६ साली चितगावला बांगलादेशविरुद्ध संध्याकाळच्या वेळी बरा फलंदाज वाया जाऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियानं त्याला नाइट वॉचमन म्हणून पाठवलं. त्यानं रात्र काढली, दिवस काढला, आणि आपल्या वाढदिवशी द्विशतक पुरं करून नाबाद २०१ वर परत आला. त्यानंतर ऑस्ट्रेलियानं त्याला एकाही कसोटीत खेळवलं नाही. पहारेकरीच घरमालकासारखा वागायला लागल्यावर दुसरं काय होणार?

ही मोजदाद माझ्या मेहुण्याची. मेहुणा एका पतसंस्थेत वसुलीला आहे, त्यामुळे कुठल्याही माणसाची किंमत एका आकड्यात सांगता आली पाहिजे यावर त्याची श्रद्धा. त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे, तपकिरी कव्हर घातलेली, पहिल्या पानावर 'श्री'. आत लाल शाईनं आखलेले तीन रकाने : नाव, सर्वोच्च धावसंख्या, बाद की नाबाद. 'कुणाविरुद्ध' असा चौथा रकानाही तो आखणार होता. पण पट्टी समासाला टेकली आणि पान संपलं. महाराष्ट्रातले क्रिकेटवरचे निम्मे वाद या न आखलेल्या चौथ्या रकान्यातून निघतात, असं माझं मत आहे.

"एकूण धावा मला सांगू नका, भाऊजी," तो म्हणाला. "जो जास्त वर्षं खेळला त्याच्या जास्त. ती सेवाज्येष्ठता झाली, गुणवत्ता नाही."

"मग सरासरी धर."

"धरतो. विनोद कांबळी ५४.२०, सचिन ५३.७८. चालेल?"

चालणार नव्हतं. दोघंही रमाकांत आचरेकरांचे शिष्य, शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी करणारे. पण म्हणून सरासरीनं असं वागावं?

"म्हणून उच्चांक धरायचा. माणूस त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवशी किती वर गेला, तेवढंच बघायचं. बाकी सगळं कीर्तन."

"आणि अक्रम?"

"अक्रमचं आपण बघू," तो म्हणाला. संचालकांच्या भाच्याची थकबाकी निघाली की पतसंस्थेत हेच वाक्य याच सुरात म्हणतात.

माझं म्हणणं साधं आहे. घराण्याची सुबत्ता त्या घरातल्या सगळ्यात थाटाच्या लग्नावरून ठरवायची नसते; त्या लग्नाचं कर्ज कधी फिटलं, हे आधी विचारायचं असतं. फलंदाजाच्या उच्चांकाचंही तसंच. तो आकडा एकट्या फलंदाजाचा नसतोच. त्यात समोरच्या संघाचा वाटा असतो, दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा असतो, झेल सोडणाऱ्याचा असतो, आणि सगळ्यात मोठा वाटा असतो डाव कधी सोडायचा हे ठरवणाऱ्याचा. फलंदाज तेवढा फोटोत दिसतो.

आधी आपल्या घरातलं बघू. या वहीप्रमाणे मुंबईच्या फलंदाजांची पंगत मांडली तर पहिल्या पाटावर सचिन, २४८. दुसऱ्यावर सुनील गावसकर, २३६. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून विनोद कांबळी, २२७. गावसकरांच्या मागे किती? मेहुण्यानं पेन्सिलीनं वजाबाकी केली आणि तो जरा दचकला. नऊ.

कांबळीच्या खाली मग बरीच बडी मंडळी. संजय मांजरेकर २१८, रवी शास्त्री २०६, वेंगसरकर १६६, विजय मर्चंट १५४, अजित वाडेकर १४३. मधे २१२ या आकड्यावर तर चक्क दाटी आहे. दिलीप सरदेसाई २१२, वसीम जाफर २१२, रोहित शर्मा २१२. तिघंही मुंबईकडून खेळलेले, तिघांचाही उच्चांक तोच. मेहुण्याच्या मते हे तिघं तंतोतंत सारख्या उंचीचे फलंदाज आहेत आणि यापुढे त्यांच्यावर चर्चेची गरज नाही. दादरला लोकलच्या फलाटावर असं म्हणून दाखवा. तीन गाड्या सुटतील, चर्चा सुटणार नाही.

वेंगसरकरांवर या वहीनं केलेला अन्याय तर वेगळाच आहे. लॉर्ड्सवर त्यांनी तीन कसोटी शतकं केली : १९७९, १९८२ आणि १९८६. पाहुण्यांच्या घरात जाऊन तीनदा मुख्य खुर्चीत बसलेला माणूस. गावसकरांना तिथं कसोटी शतक जमलं नाही, सचिनलाही नाही. पण वेंगसरकरांचा उच्चांक मात्र कटकचा, श्रीलंकेविरुद्धचा, १९८७ चा. वहीत कटक आहे, लॉर्ड्स नाही. उलट अजित आगरकरचा उच्चांक लॉर्ड्सचाच, नाबाद १०९, साल २००२. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओळीनं भोपळ्यावर बाद होऊन बदनाम झालेला आगरकर लॉर्ड्सपुरता गावसकर-सचिनच्या पुढे आहे, आणि ते त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता तो चौथा रकाना आपण आखून टाकू : कुणाविरुद्ध.

आखला रे आखला, की एका देशाचं नाव पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. मॅथ्यू हेडन, ३८०, पर्थ, २००३ : झिंबाब्वेविरुद्ध. वसीम अक्रम, नाबाद २५७, शेखूपुरा, १९९६ : झिंबाब्वेविरुद्ध. विनोद कांबळी, २२७, दिल्ली, १९९३ : झिंबाब्वेविरुद्ध. दक्षिण आफ्रिकेचा वियान मुल्डर, नाबाद ३६७, बुलावायो, २०२५ : झिंबाब्वेविरुद्ध. या देशानं जगाला जेवढे उच्चांक वाटले, तेवढे कुठल्या कारखान्यानं दिवाळीला बोनसही वाटले नसतील. याची थोडी परतफेड झाली ती मात्र आपल्या नागपुरात. २००० साली भारतानं सहाशेवर धावांचा डोंगर रचला आणि झिंबाब्वेचा अँडी फ्लॉवर फॉलोऑननंतर उभा राहिला तो नाबाद २३२ करूनच. त्याला चौथ्या रकान्याची भीती नव्हती. त्याच्या रकान्यात कायम दुसरे देश असायचे, झिंबाब्वे लिहिण्याची सोय त्याला कधीच नव्हती.

कांबळीच्या बाबतीत तर चौथा रकाना फारच बोलका. दिल्लीच्या त्या २२७ च्या जेमतेम आधी वानखेडेवर त्यानं इंग्लंडविरुद्ध २२४ केल्या होत्या. ज्यांनी ती खेळी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात, दिल्लीच्या खेळीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण वहीत २२७ आहे. तीन धावांसाठी वानखेडे समासाबाहेर.

सचिनचंही तेच. त्याचा उच्चांक ढाक्याचा, २००४ च्या डिसेंबरमधला, बांगलादेशविरुद्ध. त्याच वर्षी जानेवारीत सिडनीला त्यानं नाबाद २४१ केल्या होत्या. त्या मालिकेत कव्हर ड्राइव्ह मारताना बाद होत होता, म्हणून सिडनीला त्यानं कव्हर ड्राइव्हला सुट्टीच दिली. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, हात शिवशिवतायत, आणि माणूस शांतपणे सोडून देतोय. एखाद्या सुगरणीनं हळद न वापरता अख्खी पंगत उठवावी, तसा चारशेहून जास्त चेंडूंचा तो डाव. सात धावा कमी पडल्या म्हणून वहीत सिडनी नाही, ढाका आहे.

आणि ढाक्याचे ते २४८ तरी सगळे सचिनचे होते का? भारताचे नऊ गडी बाद झाले तेव्हा दुसऱ्या टोकाला झहीर खान आला. झहीर आपला, श्रीरामपूरचा. अकराव्या क्रमांकावरच्या माणसाकडून अपेक्षा एवढीच असते की त्यानं उभं राहावं आणि लवकर जावं. झहीरनं ७५ धावा ठोकल्या. अकराव्या क्रमांकाचा तो तेव्हाचा विक्रम होता. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी १३३ धावा जोडल्या. झहीर लवकर बाद झाला असता, तर सचिनचा उच्चांक सिडनीचाच राहिला असता आणि जगात थोडा न्याय झाला असता. म्हणजे सचिनला सिडनीपासून तोडलं ते श्रीरामपूरनं. अक्रमच्या २५७ मागेही असाच एक साथीदार उभा आहे. सकलेन मुश्ताक, मूळचा ऑफस्पिनर, त्यानं त्या डावात ७९ केल्या आणि आठव्या गड्यासाठी दोघांनी ३१३ जोडल्या. तेव्हा अक्रम-सचिन या वादात खरा सामना झहीर आणि सकलेनचा आहे, आणि सकलेन चार धावांनी पुढे आहे. हे मेहुण्याला सांगितल्यावर त्यानं वही मिटली आणि चहा मागवला.

झेल सोडणाऱ्यांचं ऋण तर कुणीच लिहून ठेवत नाही. १९९० साली लॉर्ड्सवर मोहम्मद अझरुद्दीननं नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली. ग्रॅहम गूच ३६ वर असताना बडोद्याच्या किरण मोरेंच्या हातून त्याचा झेल सुटला. गूच थांबला तो ३३३ वर. वसुलीच्या भाषेत बोलायचं तर गूचच्या नावावर ३६ आणि उरलेले २९७ मोरेंच्या खात्यावर टाकले पाहिजेत. तसं केलं तर त्या डावात भारताच्या यष्टिरक्षकाचा उच्चांक भारताच्या कुठल्याही फलंदाजापेक्षा मोठा भरतो. त्याच सामन्यात फॉलोऑन टाळायला २४ धावा हव्या होत्या, शेवटचा गडी म्हणून नरेंद्र हिरवाणी उभा होता, आणि कपिल देवनं एडी हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले. चोवीस. हिरवाणी पुढल्याच चेंडूला गेला. कपिल नाबाद ७७. त्या सामन्याचं नाव काढलं की आपल्याकडे गूच आधी आठवतो की कपिल, ते घरी विचारून पाहा.

राहिला डाव सोडणारा. त्रिशतकांची यादी वर-खाली बघितली की एक गंमत दिसते. ब्रायन लाराच्या नाबाद ४०० वेळी वेस्ट इंडिजचा कर्णधार कोण? लारा. महेला जयवर्धनेच्या ३७४ वेळी श्रीलंकेचा? जयवर्धने. मुल्डरच्या ३६७ वेळी? मुल्डर. मार्क टेलरच्या ३३४ वेळी टेलर, गूचच्या ३३३ वेळी गूच, मायकल क्लार्कच्या ३२९ वेळी क्लार्क, बॉबी सिम्पसनच्या ३११ वेळी सिम्पसन, ब्रेंडन मॅकलमच्या ३०२ वेळी मॅकलम. ज्याच्या हाती डाव सोडायचा अधिकार, त्याचा डाव लांबतो. सहकारी संस्थेत अध्यक्षांच्या भाषणाला घंटा कोण वाजवणार?

याला अपवाद निघाले ते कर्णधारांतच. टेलर १९९८ साली पेशावरला ३३४ वर नाबाद राहिला, म्हणजे डॉन ब्रॅडमनच्या १९३० च्या लीड्सच्या खेळीइतका. सकाळी आणखी एक धाव काढायला कुणी नको म्हटलं नसतं. त्यानं डाव सोडला. मुल्डर तर कर्णधार म्हणून पहिलीच कसोटी खेळत होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला तो ३६७ वर होता, लारापासून ३३ धावा लांब, अख्खे साडेतीन दिवस शिल्लक, गोलंदाज दमलेले. त्यानं डाव सोडला आणि हा विक्रम लाराकडेच राहावा असं सांगितलं. "हातातोंडाशी आलेली वसुली सोडली यानं," मेहुणा हळहळला. त्याला रात्री झोप लागली नसावी.

आणि डाव सोडण्याची गोष्ट निघाली की मराठी घरात मुलतान निघणारच. २००४ च्या मार्चमध्ये वीरेंद्र सेहवागनं तिथं ३०९ करून भारताचं पहिलं त्रिशतक काढलं. ते बाजूलाच राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी सचिन १९४ वर नाबाद असताना राहुल द्रविडनं डाव सोडला. सौरव गांगुली जायबंदी असल्यानं द्रविड तेवढ्यापुरता कर्णधार होता. सचिननं नाराजी लपवली नाही, आणि महाराष्ट्रानं तर अजून लपवलेली नाही. द्रविड कर्नाटकचा म्हणून रागवावं, तर तो इंदूरला मराठी घरात जन्मलेला. परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं. भारत ती कसोटी एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, हे त्यानंतर आलेलं वाक्य आमच्याकडे कुणी ऐकूनच घेत नाही. मला विचाराल तर मुलताननं सचिनचं काही बिघडलं नाही. सहा धावा मिळाल्या असत्या तरी वहीत २०० हा आकडा गेला नसता, कारण सिडनी आधीच होऊन गेलं होतं आणि ढाका यायचं होतं. पण वहीतल्या आकड्यासाठी कोण रडतंय? सहा धावा म्हणजे सहा धावा.

उच्चांक माणसाचं भलं करतोच असंही नाही. करुण नायरनं २०१६ च्या डिसेंबरमध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या. कसोटीतला त्याचा तिसराच डाव. त्रिशतक काढणारा सेहवागनंतरचा दुसरा भारतीय. पुढच्या कसोटीत दुखापतीतून बरा झालेला अजिंक्य रहाणे परत आला आणि नायर बाहेर बसला. तीनशे तीन धावा खिशात घेऊन राखीव खेळाडू म्हणून पाणी देणं कसं वाटतं, हे जगात फार थोड्यांना ठाऊक असेल. वहीप्रमाणे रहाणे १८८, नायर ३०३. हा तर उघड अन्याय! पण त्याच रहाणेच्या मेलबर्नच्या ११२ आठवा. २०२० चा डिसेंबर, आधीच्या कसोटीत अॅडलेडला अख्खा संघ ३६ धावांत गारद, विराट कोहली घरी परतलेला, आणि आपला हा संगमनेर तालुक्यातल्या गावचा माणूस कर्णधार म्हणून शांतपणे उभा. ती कसोटी भारतानं जिंकली, मग मालिकाही जिंकली. वहीत ११२ ला जागा नाही. १८८ कुठं केल्या होत्या ते रहाणेचे चाहतेही जरा थांबून सांगतात. इंदूरला.

गावसकरांचे २३६ घ्या. १९८३ ची चेन्नई, समोर माल्कम मार्शल. सलामीला जायचं नाही, चौथ्या क्रमांकावर खेळायचं, असं गावसकरांनी ठरवलं होतं. मार्शलनं पहिल्याच षटकात दोन गडी उडवले, आणि ते आले तेव्हा धावफलकावर शून्य. कुठल्याही क्रमांकावर आलास तरी शून्यावरच यायचं तुझ्या नशिबात, अशा अर्थाचं काहीतरी व्हिव्ह रिचर्ड्स तेव्हा म्हणाला, ही गोष्ट गावसकर स्वतःच रंगवून सांगतात. तिथून नाबाद २३६, तिसावं शतक, ब्रॅडमनच्या २९ च्या पुढे. मोठी खेळी, शंकाच नाही. तरी जुन्या जाणत्याला गावसकरांची खेळी विचारा. तो ओव्हलच्या २२१ सांगेल : १९७९, लक्ष्य ४३८, चेतन चौहानबरोबर २१३ ची सलामी, आणि भारत ४२९ वर थांबला. किती कमी पडल्या? मेहुण्यानं वजाबाकी केली. पुन्हा नऊ. हल्ली तो साडेसातीपेक्षा नवाला जास्त भितो.

त्याहून जाणता भेटला तर तो १९८७ च्या बंगळुरूच्या ९६ सांगेल. पाकिस्तानविरुद्ध, हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, शेवटच्या डावात, आणि गावसकरांच्या कसोटी आयुष्यातलाही तो शेवटचाच डाव. भारत १६ धावांनी हरला. शतक नाही, विजय नाही, तरी तो माणूस ९६ हा आकडा देवाचं नाव घ्यावं तसा घेतो. सचिनच्या चाहत्याला १९९९ चे चेन्नईचे १३६ असेच डाचतात. पाठ धरलेली, १७ धावा हव्या असताना तो बाद झाला, आणि उरलेल्यांनी चार धावांत डाव आवरून सामना १२ धावांनी घालवला. लाराचा चाहता शहाणा असेल तर ४०० आधी काढतच नाही. वेस्ट इंडिजनं पहिल्या तीन कसोट्या हरल्यावर चौथीत त्या झाल्या, आणि सामना अनिर्णित राहिला. तो बार्बाडोसच्या नाबाद १५३ सांगतो. १९९९, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३०८ चं लक्ष्य, शेवटची जोडी मैदानात, एका गड्यानं विजय. विस्डेननं २००१ साली कसोटीतल्या शंभर थोर खेळ्यांची यादी काढली तेव्हा लाराच्या १५३ वर होत्या आणि सचिनची एकही खेळी नव्हती. आपल्याकडे त्यावर एवढा आरडाओरडा झाला की यादी करणाऱ्यांना मराठी येत नाही हे त्यांचं नशीबच म्हणायचं.

कधीमधी आकडा आणि माणूस जुळतातही, ते नाकारायचं नाही. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणचा उच्चांक कोलकात्याच्या २८१, आणि त्याची सर्वांत मोठी खेळीही तीच. सरदेसाईंच्या २१२ तशाच. मडगावचा हा माणूस १९७१ साली किंग्स्टनला उभा राहिला तेव्हा भारताचे पाच गडी ७५ वर बाद झाले होते. एकनाथ सोलकरला हाताशी धरून त्यांनी डाव उभा केला, भारत ३८७ वर गेला, वेस्ट इंडिज २१७ वर आटोपले. पहिला दिवस पावसात गेल्यामुळे फॉलोऑनला दीडशेचीच आघाडी पुरत होती. कर्णधार वाडेकर गॅरी सोबर्सच्या खोलीत गेले आणि पुन्हा फलंदाजीला या म्हणाले. वेस्ट इंडिजला भारताकडून असं निमंत्रण त्याआधी कधी आलं नव्हतं. रोहितच्या आणि जाफरच्या २१२ चा मान राखूनही मी म्हणेन, की २१२ हा आकडा सरदेसाईंचा आहे, बाकी दोघांनी तो भाड्यानं घेतला आहे.

शेवटी एक नाव राहतं, ते कुठल्याच कसोटी यादीत नाही. भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला रणजी सामन्यात ते महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळत होते. मधल्या सुट्टीला महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा जागतिक उच्चांक ब्रॅडमनच्या नावावर होता, नाबाद ४५२. दोन-तीन षटकांचं काम. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव सोडा, नाहीतर आम्ही घरी जातो. आणि मंडळी सामना सोडून खरोखरच घरी गेली. गोलंदाजच उरले नाहीत, तर धावा कुणाकडून वसूल करायच्या? ब्रॅडमनच्या मागे किती राहिले हे मेहुण्यानं या वेळी वहीत काढलंच नाही. तोंडी केलं आणि गप्प बसला. निंबाळकरांना अधिकृत कसोटीत एकदाही खेळवलं गेलं नाही.

तेव्हा मंडळी, वाद जरूर घाला; वादावाचून क्रिकेट म्हणजे नुसता ऊन खाण्याचा धंदा. पण कुणी उच्चांक तोंडावर फेकला तर त्याला आधी चौथा रकाना भरायला लावा. समोर कोण होतं, दुसऱ्या टोकाला कोण होतं, झेल कुणी सोडला आणि डाव कुणी. मग धावफलक न बघता आठवते ती खेळी सांगायला लावा. आणि एवढं करूनही तो आकड्यावरच अडून बसला, तर त्याला भाऊसाहेब निंबाळकरांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या विचारा.